आधी लिहिलं ते आधी दिसेलच असं नाही

सी भाषेत एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिली की पहिली आधी घडणार आणि दुसरी मागाहून, असं आपण धरून चालतो. एकच कोअर एकच काम करत असेल तोवर ते निभावतं. आतमध्ये प्रोसेसर कितीही उलटापालट करो, आपल्यापुरता क्रम तो राखतो. मात्र दुसरा कोअर त्याच मेमरीकडे पाहू लागला की त्याला हा क्रम दिसेलच याची हमी नसते. ती हमी हवी तिथे मागून घेण्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये मेमरी बॅरिअरचे मॅक्रो आहेत. दिसायला ते एकेका ओळीचे, पण गेल्या तीसेक वर्षांतल्या प्रोसेसरांच्या सगळ्या खोडी त्यांच्या पोटात आहेत.

मुळातली गोची बघू. 'क' आणि 'ख' ही दोन चलं, दोन्ही शून्य. पहिला कोअर 'क'मध्ये १ लिहितो आणि मग 'ख' वाचतो. दुसरा 'ख'मध्ये १ लिहितो आणि 'क' वाचतो. कसाही हिशेब मांडा, निदान एकाला तरी १ दिसायलाच हवा. प्रत्यक्षात इंटेलच्या साध्या लॅपटॉपवरही दोघांना शून्य दिसू शकतं. कारण लिहिलेली किंमत लगेच कॅशमध्ये जात नाही, आधी स्टोअर बफरमध्ये थांबते. दुकानदार कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि खतावणीत सवडीने चढवतो, तसं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1979 मध्ये 'सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी'ची व्याख्या केली. तिच्यानुसार असा निकाल लागूच नये. पण आज घराघरांत असलेले प्रोसेसर ती व्याख्या पाळत नाहीत, कारण पाळायची तर वेग सोडावा लागतो.

प्रोसेसरच्या आधी कंपायलरही ओळी हलवतो. त्याला आवरणारा मॅक्रो म्हणजे नुसता 'बॅरिअर'. उघडून पाहिलं तर आत एक असेम्ब्ली विधान, त्यात रिकामी अवतरणचिन्हं आणि शेवटी 'मेमरी' एवढा एक शब्द. त्यातून एकही सूचना निघत नाही. कंपायलरला फक्त बजावलं जातं की मेमरीत काहीही बदललं असू शकतं, तेव्हा जुन्या किमतींवर विसंबू नकोस आणि वाचणं-लिहिणं ही रेघ ओलांडून नेऊ नकोस.

एक्स86 वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांवर, वाचनाचा 'एसएमपी_आरएमबी' आणि लेखनाचा 'एसएमपी_डब्ल्यूएमबी' हे दोन्ही एवढ्यावरच थांबतात, कारण साध्या मेमरीपुरती तिथे लिहिल्यावर वाचण्याचीच अदलाबदल होते, बाकी क्रम हार्डवेअर सांभाळतं. पूर्ण अडसर घालणाऱ्या 'एसएमपी_एमबी'ला मात्र खरी सूचना लागते. 64 बिटांच्या कर्नलमध्ये ती पूर्वी 'एमफेन्स' होती. 2017 मध्ये तिच्या जागी स्टॅकलगतच्या जागेत लॉक लावून शून्य मिळवण्याची युक्ती आली. शून्य मिळवून बदलत काहीच नाही, क्रम तेवढा पक्का होतो, आणि ते स्वस्तात पडतं! आर्मवर त्याच मॅक्रोचा 'डीएमबी' होतो, पॉवरवर 'सिंक', रिस्क-फाइव्हवर 'फेन्स'.

खरी कथा अल्फाची. डेक कंपनीचा हा प्रोसेसर 1992 मध्ये आला, आणि क्रमाच्या बाबतीत इतका सैल दुसरा कुणी झाला नाही. पॉइंटर वाचला आणि त्याच्यामागे जाऊन डेटा वाचला, तर डेटा पॉइंटरपेक्षा जुना निघू शकतो, हे इतर कुठेही अशक्य वाटेल. अल्फाच्या काही यंत्रांत कॅशचे कप्पे वेगवेगळ्या गतीने ताजे होत, त्यामुळे ते घडत असे. एवढ्यासाठी कर्नलमध्ये 'एसएमपी_रीड_बॅरिअर_डिपेंड्स' नावाचा लांबलचक मॅक्रो बसला. बाकी सगळीकडे तो रिकामाच होता, तरी लिहिणाऱ्याला तो समजून घ्यावाच लागे. अल्फा बंद करण्याचा निर्णय 2001 मध्ये झाला, मॅक्रो मात्र 2020 मधल्या 5.9 आवृत्तीपर्यंत तग धरून राहिला. एका मरू घातलेल्या चिपचा कर सगळ्यांनी एवढी वर्षं भरावा, हे मला अजूनही अजब वाटतं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची दुखणी निराळी. नेटवर्क कार्डला पॅकेट द्यायचं तर मेमरीतल्या एका नोंदीत आधी पत्ता आणि लांबी भरायची, मग 'ही नोंद आता तुझी' असा बिट लावायचा. मध्ये 'डीएमए_डब्ल्यूएमबी' हा लेखनाचा बॅरिअर घालायचा राहिला, तर कार्डाला बिट आधी दिसतो आणि ते जुना पत्ता उचलतं. अशी चूक क्वचित घडते, आणि शोधायला म्हणून छपाईची एक ओळ घातली की वेळेचं गणित बदलून गायब होते. शिवाय बॅरिअर एकटा कामाचा नाही: लिहिणाऱ्याने घातला तर वाचणाऱ्यानेही घालायला हवा. कर्नलमध्ये प्रत्येक बॅरिअरशेजारी त्याचा जोडीदार कुठे आहे याची टीप लिहावी असा दंडक आहे. ही टीप नसलेला बॅरिअर मी तरी संशयानेच वाचतो.

म्हणूनच 2014 च्या 3.14 आवृत्तीत आलेली 'एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर' आणि 'एसएमपी_स्टोअर_रिलीज' ही जोडी मला जास्त आवडते. इथे अडसर अधांतरी उभा नसतो, त्या-त्या वाचण्या-लिहिण्याला बांधलेला असतो, त्यामुळे जोडीदार शोधत हिंडावं लागत नाही. 64 बिटांच्या आर्ममध्ये तर या दोन्हींसाठी थेट सूचनाच आहेत. सी भाषेच्या अधिकृत मानकात ही कल्पना 2011 मध्ये आली. कर्नलचे स्वतःचे नियम मात्र त्याहून वेगळे. ते गणिती रूपात 2018 मध्ये कर्नलमध्येच दाखल झाले, आणि छोटे नमुने चालवून कोणता निकाल शक्य आहे हे आता यंत्राकडूनच तपासून घेता येतं.

पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये उभा केलेला परम 8000 हा महासंगणक या भानगडीत पडलाच नव्हता. त्याच्यातल्या ट्रान्सप्युटरांना सामायिक मेमरीच नव्हती. ते एकमेकांना निरोप धाडत.

ज्यांना सामायिक मेमरी आहे त्यांच्यापुढे जुनं सॉफ्टवेअर हाच पेच आहे. एक्स86 साठी लिहिलेल्या कोडमध्ये विसरलेले बॅरिअर वर्षानुवर्षं खपून जातात, आणि आर्मवर नेलं की उघडे पडतात. 2020 मध्ये अ‍ॅपलने एम1 आणला, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून त्या चिपमध्ये एक्स86 सारखा कडक क्रम चालू करण्याची सोयच ठेवली. रिस्क-फाइव्हचा मूळ नियम सैल आहे, पण 'झेडटीएसओ' ही ऐच्छिक पुरवणी त्यालाही तसाच कडक क्रम देते. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' याच घराण्यातले आहेत, आणि त्यांच्यावर लिनक्स नेणाऱ्याला 'फेन्स'चे तेच मॅक्रो वाचावे लागतात.