शिमला की दार्जिलिंग? आधी दिनदर्शिका पाहा

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा रंगू लागते. माथेरान, महाबळेश्वर अनेकदा पाहून झालेल्या कुटुंबांना हिमालयाचे वेध लागतात आणि शिमला व दार्जिलिंग ही दोन नावे हटकून पुढे येतात. दोन्ही शहरे इंग्रजांच्या काळात वाढली. दोन्ही समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत आणि दोन्हीकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हे साम्य फसवे आहे. वर्षातून एकदाच मिळणारी आठवडाभराची रजा आणि साठवलेली रक्कम खर्ची पडणार असेल, तर 'कोणते शहर अधिक सुंदर' यापेक्षा 'कोणत्या महिन्यात जायचे' हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

शिखर दिसेल कधी?

दार्जिलिंगचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे कांचनजंगा. ८,५८६ मीटर उंचीचे हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर शहरातूनही दिसते. मात्र बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या बाष्पामुळे मे महिन्यात तेथे ढग आणि धुके नित्याचे असते. पहाटे चारच्या सुमारास टायगर हिल गाठलेल्या पर्यटकांना अनेकदा ढगांची पांढरी भिंत पाहून परतावे लागते. पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून, आकाश निवळते. म्हणूनच दार्जिलिंग ही खरी दिवाळीच्या सुटीतील सहल आहे.

शिमल्याचे गणित उलटे आहे. तेथून हिमशिखरे दूर क्षितिजावर दिसतात. पाहायचे ते मुख्यतः शहरच. मैदानी प्रदेश चाळिशीपार तापत असताना तेथील हवा सुखद असते, म्हणून मेच्या सुटीला शिमला सोयीचे. बर्फाच्या आशेने डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी मात्र तो पडेलच असे धरून चालू नये. आणि पडलाच तर रस्ते बंद होण्याची तयारी ठेवावी.

प्रवासाचा हिशेब

मुंबई-पुण्याहून शिमल्याला जाताना दिल्ली किंवा चंडीगड गाठावे लागते. कालका येथून १९०३ मध्ये सुरू झालेली ९६ किलोमीटरची रेल्वे शंभराहून अधिक बोगद्यांतून सुमारे पाच-साडेपाच तासांत वर पोहोचते. येथे गाडीचा प्रवास हाच प्रत्यक्ष पोहोचण्याचा मार्ग ठरू शकतो.

दार्जिलिंगसाठी बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्थानक गाठून पुढे मोटारीने तीनएक तास चढावे लागते. १८८१ मध्ये पूर्ण झालेली तेथील रेल्वे फक्त दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावते. पायथ्यापासून वर यायला तिला सात तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे बहुतेक पर्यटक दार्जिलिंग ते घूम ही छोटी फेरी पसंत करतात. बतासिया लूपचे वळण त्या फेरीतही पाहता येते.

आवड आणि अडचणी

इतिहासाची ओढ असणाऱ्यांना शिमला अधिक देईल. १८६४ पासून हे शहर ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी होते. व्हाइसरॉयच्या निवासस्थानात आज उच्च अध्ययनाची राष्ट्रीय संस्था आहे. १९७२ चा भारत-पाकिस्तान करारही येथेच झाला. मॉल रोडवर पर्यटकांच्या वाहनांना बंदी असल्याने ज्येष्ठांना निवांत फिरता येते. खालच्या रस्त्यावरून वर यायला लिफ्ट आहे.

मुले सोबत असतील तर दार्जिलिंगचे पारडे जड होते. तांबडा पांडा आणि हिमबिबट्या असलेले प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातील, तेनसिंग नोर्गे ज्या संस्थेशी निगडित होते ती गिर्यारोहण संस्था एकाच फेरीत पाहता येते. चहाचे मळे आहेतच. फक्त कडाक्याच्या थंडीत पानांची खुडणी थांबलेली असते, हे लक्षात ठेवावे.

दोन्ही शहरांवर पर्यटकांचा ताण आहे. २०१८ च्या मेअखेरीस शिमल्यात पाण्याची तीव्र टंचाई झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्यात आणि ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी दार्जिलिंग परिसरात दरडी कोसळून प्राणहानी झाली. म्हणून जुलै ते सप्टेंबर हे महिने दोन्हीकडे टाळणेच श्रेयस्कर. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही हवामानाचा अंदाज पाहूनच निघावे.

थोडक्यात, रजा मे महिन्यात असेल तर शिमला आणि दिवाळीनंतर असेल तर दार्जिलिंग. दोन्ही वेळा रजा मिळणे शक्य असेल, तर सोबतच्या माणसांचे वय आणि आवड पाहून ठरवावे. मात्र तीन-चार दिवसच हाती असतील, तर दोन्ही बेत पुढे ढकलून महाबळेश्वर गाठलेले बरे. हिमालयाची सहल घाईत उरकली की आठवणीत मोटारीतील वळणेच तेवढी उरतात.