घडीच्या चाकूला पेण-रोह्याचा पावसाळा

पेणच्या खारेपाटात श्रावणातल्या रात्री साध्या पोलादाचा चाकू ओला राहिला, तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके उठलेले असतात. मासे साफ करून नुसता फडक्याला पुसून ठेवला असेल, तर ते ठिपके खोल उतरतात. धरमतरची खाडी जवळ, हवेत मीठ, वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. रोह्याकडे कुंडलिकेकाठी वाऱ्यातला खारटपणा थोडा कमी असेल, पण दमटपणा तोच. घडीच्या चाकूचे जगभरचे शौकीन गेली चाळीस-पन्नास वर्षे कारखानदारांकडे सुधारणा मागत आले आहेत आणि त्यातल्या कित्येक त्यांना मिळाल्याही. त्या सुधारणांचा आढावा मला या हवेत घ्यायचा आहे. इथे त्यांच्या मागण्यांचा क्रम बदलतो. चाकू किती झटकन उघडतो, पोलाद किती दुर्मीळ आहे, या गोष्टी खाली जातात; आणि चाकू आतून धुता येतो का, हा प्रश्न सर्वांत वर येतो.

खिळीवर फिरणारे पाते आपल्याला नवे नाही. अडकित्त्याचे दोन हात एकाच खिळीवर फिरतात, आणि ती खीळ नीट बसली असेल तरच सुपारी सरळ कातरली जाते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो पाहताना लोक नक्षी पाहतात. मी प्रत्येकाची खीळ पाहतो. घरातली फोल्डिंग विळी ही तर सरळ घडीचीच वस्तू. पाते पाटावर आडवे होते, वापरताना उभे राहते, टोकाला खवणी. तिची खीळ सैल झाली की पाते डुलते आणि नारळ खवताना हात सांभाळावा लागतो. रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मात्र कोयता असतो, आणि त्याला घडी नाही. पाते मुठीत पक्के, बिघडायला काही जागाच नाही. म्हणून कोयत्याच्या मुलुखात घडीचा चाकू कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की कोयता स्कूटरच्या डिकीत, शाळा-कचेरीच्या बॅगेत किंवा होडीत बसलेल्या माणसाच्या खिशात राहू शकत नाही. जाळ्याचा नायलॉनचा धागा कापायला, हिवाळ्यात पोपटीसाठी भांबुर्डा तोडायला, कैरी सोलायला, पार्सलची सुतळी कापायला लहान पाते लागते. हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या सांध्यावरची रेघ खरवडायलाही पातळ पातेच हवे.

आता शौकिनांच्या मागण्या. सर्वांत जुनी मागणी लॉकची. व्हिक्टोरिनॉक्सचा जो लाल चाकू आपल्याकडे परदेशातून भेट म्हणून येतो, त्याच्या नेहमीच्या मापात पात्याला लॉक नसतो. पाठीतली स्प्रिंग पाते दाबून धरते, एवढेच. कार्ल एल्सनर यांनी 12 जून 1897 रोजी नोंदवलेल्या त्या रचनेत आजही फार बदल झालेला नाही, आणि फळ चिरायला ती पुरते. टोकाने टोचायचे किंवा जोर लावून कापायचे असेल, तर मात्र पाते बोटांवर मिटण्याची भीती राहते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 च्या सुमारास लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू बनवला. त्याला 1955 मध्ये फिरणारी कडी बसवली गेली. पाते उघडायचे, कडी फिरवायची, पाते अडकले. अमेरिकेत 1964 मध्ये बक कंपनीचा 110 क्रमांकाचा चाकू आला. त्यात पाठीवरची पट्टी दाबल्याशिवाय पाते मिटत नसे. 1980 च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने लायनर लॉकला आजचे रूप दिले: मुठीतल्या पत्र्याचीच एक जीभ बाजूला सरकून पात्याला आडवी येते. हा लॉक स्वस्त आणि हलका, म्हणून आज बाजारातले बहुतेक मध्यम किमतीचे चाकू याच जातीचे दिसतात.

आणि इथेच शौकिनांची तक्रार मला पूर्ण पटते. लायनर लॉक मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो. कोरड्या, स्वच्छ हाताने ते सवयीने जमते. जिताडा माशाच्या खवल्यांनी बुळबुळीत झालेल्या हाताने तसे करायला सांगणे चूक आहे. म्हणून बोट वाटेत न आणता मिटणारा लॉक हवा, ही मागणी पुढे आली, आणि 1998 मध्ये बेंचमेड कंपनीने आडव्या दांडीचा ॲक्सिस लॉक आणला. दोन्ही हातांनी सारखा चालतो, डावखुऱ्यांनाही सोयीचा. पण ती दांडी ज्या स्प्रिंगांवर चालते, त्या तारेसारख्या बारीक असतात, मुठीच्या आत लपलेल्या असतात आणि तुटतातही. खारेपाटाच्या चिखलात ज्या चाकूने काम करायचे, त्यात न दिसणारी बारीक स्प्रिंग मला नको. ओपिनेलच्या कडीत असे काही लपलेले नाही. कडी बाहेर आहे, डोळ्यांना दिसते, ब्रशने घासता येते. उघडायला दोन हात लागतात, हा तिचा दोष खरा. पण तो मी पत्करतो.

ओपिनेलच्या मुठीचे लाकूड मात्र आपल्या पावसापुढे टिकत नाही. बीचचे लाकूड पाणी प्याले की फुगते, आणि पाते खाचेत असे आवळले जाते की नखाने ओढून निघत नाही. साव्हुआच्या लोकांनी यावर युक्ती काढली: मुठीचा मागचा भाग टेबलावर ठोकायचा, म्हणजे पात्याचे टोक वर उचलले जाते. त्यांच्याकडे ती अधूनमधून लागत असेल. आपल्याकडे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत रोज ठोकावे लागेल. याच कंपनीने पुढे घराबाहेरच्या कामांसाठी प्लास्टिकच्या मुठीचा, शिटी बसवलेला चाकू काढला, आणि कोकणात घ्यायचाच असेल तर तोच घ्यावा असे मी सांगेन. लाकडाची ऊब हातात छान लागते, हे मला मान्य आहे. पण चार महिने न उघडणारा चाकू सुंदर असून काय उपयोग?

पोलादावर शौकीन जेवढे बोलतात, तेवढे दुसऱ्या कशावरही बोलत नाहीत. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअरली यांनी 1913 मध्ये न गंजणाऱ्या पोलादाची ओतणी केली, तेव्हापासूनचा पेच आजही तोच आहे. पोलाद कठीण व्हायला कार्बन हवा, गंज रोखायला क्रोमियम हवे. पण कार्बन जास्त झाला की तो क्रोमियमला आपल्यात बांधून घेतो आणि गंजाशी लढायला क्रोमियम मोकळे उरत नाही. म्हणून डब्यावर क्रोमियमचा आकडा मोठा असूनही चाकू गंजतो. यातून दोन वाटा निघाल्या. एक, कार्बनचे बरेचसे काम नायट्रोजनकडून करून घ्यायचे. जपानमधल्या एच-वन या पोलादाचे पाते खाऱ्या पाण्यातही जवळजवळ गंजत नाही; स्पायडर्को कंपनीने आपली 'सॉल्ट' मालिका त्यावरच सुरू केली. दुसरी, मिश्रणाचे गणित इतके बारकाईने मांडायचे की क्रोमियमचे कण तयारच होऊ नयेत. 2021 मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचे मॅग्नाकट हे पोलाद याच विचारातून आले.

दोन्ही वाटा थोर आहेत, पण दोन्ही महाग. शिवाय व्हॅनेडियमचे कठीण कण असलेली पोलादे आपल्या साध्या दगडाला दाद देत नाहीत. त्यांना हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. ती पेणच्या बाजारात कुणाकडे आहे? मला विचाराल तर स्वीडनच्या 12सी27 सारखे, साडेतेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेले मधले पोलाद इथल्या चाकूला पुरे. ते साध्या दगडावर धार धरते, आणि वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुतले तर गंजत नाही. ट्रकच्या पाट्यांपासून आपले लोहार जे कोयते घडवतात, त्यांत क्रोमियम नसल्यातच जमा. तरी ते वर्षानुवर्षे टिकतात, कारण पाते जाड असते, रोज हातात असते आणि धार लावताना गंज निघून जातो. घडीच्या चाकूचा गंज मात्र पात्यावर दिसण्याआधी खिळीजवळ, मुठीच्या पोटात बसलेला असतो.

म्हणूनच मी खिळीकडे परत येतो. गेल्या काही वर्षांत शौकिनांना चाकू घसरत्या हालचालीने, एका बोटाच्या झटक्यात उघडावा असे वाटू लागले, आणि कारखानदारांनी खिळीभोवती बारीक छऱ्यांचे बेअरिंग बसवायला सुरुवात केली. शहरी खिशात ते उत्तम चालते. पण शाडूची माती, वाळू, चुऱ्याएवढे मीठ त्या छऱ्यांत शिरले की चाकू करकरतो, आणि ओल तिथे राहून छरे गंजतात. त्याऐवजी पितळी किंवा ब्राँझच्या सपाट चकत्या असाव्यात. त्या कमी गुळगुळीत चालतात, पण घाण सोसतात. मुठीची पाठ उघडी असावी, म्हणजे नळाखाली धरले की पाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल. आणि सगळे स्क्रू एकाच मापाचे, साध्या पेचकसने निघणारे असावेत. हल्ली चाकूंना ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात. त्यांचा बारीक पेचकस घरात नसतो, आणि स्क्रूंना कारखान्यातच डिंकासारखे द्रव लावलेले असते. जोर केला की डोके झिजते. चाकू खोलला तर हमी रद्द, असे काही कंपन्या म्हणत आल्या आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्या ग्राहकाला चाकू खोलण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी समजून घ्यावे.

तेलाचेही इथे वेगळेच आहे. खोबरेल खाण्याचे, घरात असलेले, म्हणून पात्याला लावायला चांगले. पण ते चोवीस अंशांच्या खाली थिजते. पौष-माघातल्या पहाटे खिळीतले खोबरेल घट्ट होते आणि चाकू अडतो. खिळीला पातळ खनिज तेल, पात्याला खोबरेल, अशी वाटणी करावी.

रोह्याच्या बाजूला घडीच्या चाकूची आणखी एक परीक्षा होते. भिरा येथील वीजकेंद्र 1927 चे. मुळशी धरणाचे पाणी तिथे वीज करून कुंडलिकेत उतरते, आणि सकाळी ते पाणी सुटले की कोलाडजवळ रबरी तराफ्यांचे राफ्टिंग सुरू होते. नदीवर काम करणाऱ्या वाटाड्याला चाकू जीव वाचवण्यासाठी लागतो. दोर पायाला गुंडाळला गेला तर तो क्षणात कापावा लागतो. त्यासाठी जाकिटावर लावलेला, न मिटणारा चाकूच योग्य. प्रवाहात दोन हातांनी कडी फिरवायला वेळ नसतो. पण त्या चाकूची एक गोष्ट घडीच्या चाकूने उचलण्यासारखी आहे. त्याचे टोक बोथट असते, म्हणजे घाईत तराफा फाटत नाही आणि माणूस भोसकला जात नाही. सरळ धार, खाली वळलेले बोथट टोक, असे पाते दगडावर धार लावायलाही सर्वांत सोपे. शौकिनांना अणकुचीदार पाती आवडतात. मी मात्र आमच्या भागातल्या रोजच्या चाकूला हेच टोक मागेन. अर्ध्या पात्याला करवतीसारखे दात असावेत, ही त्या चाकूंची दुसरी रीत. नायलॉन त्या दातांनी छान कापला जातो, पण एकदा ते बोथटले की घरच्या दगडावर त्यांना धार येत नाही. जाळ्यावर काम करणाऱ्याने ते घ्यावे, इतरांनी टाळावे.

बोथट टोकाचा फायदा कायद्याच्या बाजूनेही आहे. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाचे सोडून, शस्त्रांत मोडतात. खिशातला चाकू त्या मर्यादेच्या कितीतरी आत असतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सणासुदीला किंवा निवडणुकीला मनाई आदेश निघतो, तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, आणि पोलिसापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा चाकू औजारासारखा दिसतो की शस्त्रासारखा, याने फरक पडतो. रामपूरच्या कारागिरांनी हे भोगले. त्यांचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिला, पुढे उत्तर प्रदेश सरकारने लांब पात्यांवर बंदी घातली, आणि चांगली कला बदनाम झाली. काळे पाते, खटका, दुधारी टोक यांची हौस ज्यांना आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. तीन इंचांचे, उजळ, बोथट टोकाचे पाते आणि नारिंगी किंवा पिवळी मूठ! चिखलात पडला तरी सापडेल, आणि पाहणाऱ्याला भीती वाटणार नाही.

मुठीच्या खडबडीतपणाबद्दल शौकिनांत दोन तट आहेत. ओल्या हातातून सुटू नये म्हणून मूठ खरखरीत हवी, हे खरे. पण खोल खाचा पाडल्या की त्यांत माशांचा चिकटा बसतो आणि दोन दिवसांत वास मारतो. उथळ, रुंद घळी पाडलेली मूठ हवी. बोट घसरणार नाही आणि भांडी घासायच्या घासणीने साफ होईल. खिशाच्या क्लिपबद्दल फार लिहायला नको. ती काढता-घालता यावी आणि डावी-उजवीकडे बसावी, एवढे पुरे. पण दोरीसाठी भोक मात्र मोठे असावे. सध्याची भोके इतकी बारीक असतात की आपली जाड सुतळी त्यांतून जात नाही, आणि होडीत दोरी न बांधलेला चाकू खाडीत गेला की गेला.

राहिली धार लावण्याची गोष्ट. गावोगाव सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला विळी-कोयत्यांसाठी उपयोगी माणूस आहे. त्याच्या वेगवान चाकावर घडीच्या चाकूचे पातळ पाते मात्र क्षणात तापते, आणि कडेचा रंग पालटला की कारखान्यात पात्याला दिलेले पाणी तिथे उतरते. कंपन्यांनी पाते धारेमागे पातळ ठेवून द्यावे, म्हणजे घरच्या ओल्या दगडावर दहा-बारा हात मारले की काम भागेल. बाजारातल्या अनेक स्वस्त चाकूंची पाती धारेमागे इतकी जाड असतात की नवी असतानाच कांदा चिरत नाहीत, फोडतात. आणि चाकूबरोबर एक छोटे पाकीट द्यावे: दोन जादा स्क्रू, दोन चकत्या, एक जादा कडी. हे सुटे भाग पेणच्या हार्डवेअरच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळू लागले, तर इथली माणसे घडीचा चाकू विकत घेतील, दर पावसाळ्यानंतर तो खोलतील, धुतील आणि पुन्हा वापरात आणतील.