उदरातील अवयव आणि त्यांचे विकार (लेखांक ७) : भटकी प्लीहा

यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यकव्यवहारात प्लीहेचे, म्हणजे बोलीतल्या पांथरीचे, नाव दोन आजारांमुळे सतत घेतले जाते. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी, मारेगाव या जंगलपट्ट्यातील तालुक्यांत हिवतापाने वाढलेली पांथरी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली, आणि कोलाम, गोंड, परधान यांच्यासह विदर्भातील अनेक समाजांत आनुवंशिकतेने येणाऱ्या सिकलसेल आजारात प्लीहा प्रथम सुजते, पुढे वारंवार रक्तपुरवठा तुटून आक्रसत जाते, हे मागील लेखांकात आले आहे. या दोन्ही आजारांत प्लीहेचा आकार बदलला तरी ती सहसा आपली जागा सोडत नाही. प्रस्तुत लेखांकात विचारात घेतलेल्या विकारात नेमकी तीच गोष्ट घडते : प्लीहा डाव्या बरगड्यांखालचे आपले स्थान सोडून पोटात खाली, कधी बेंबीच्या आसपास तर कधी थेट ओटीपोटात येऊन राहते. या विकाराला भटकी प्लीहा म्हणतात. तो दुर्मीळ आहे. प्लीहा काढून टाकण्याच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शस्त्रक्रिया त्याच्यासाठी होतात. तरीही त्याची दखल घेणे आवश्यक ठरते, कारण तो वेळेवर ओळखला तर अवयव वाचतो आणि उशीर झाला तर अवयवाबरोबर रुग्णाचा जीवही धोक्यात येतो.

प्रौढ माणसाची प्लीहा साधारण १५० ग्रॅम वजनाची आणि १२ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असून ती नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, श्वासपटलाला लागून असते. तिला तेथे धरून ठेवण्याचे काम उदरावरणाच्या, म्हणजे पोटातील अवयवांवर पसरलेल्या पातळ पडद्याच्या, घड्या करतात. त्यांपैकी एक घडी प्लीहेला जठराशी जोडते, दुसरी डाव्या मूत्रपिंडाशी जोडते आणि प्लीहेकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या या दुसऱ्या घडीतूनच येतात. तिसरी घडी श्वासपटल आणि मोठे आतडे यांच्यामध्ये ताणलेली असून तिच्यावर प्लीहेचे खालचे टोक टेकलेले असते. गर्भावस्थेच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास जठराच्या मागील पडद्यात प्लीहेची निर्मिती सुरू होते आणि पुढे हा पडदा पोटाच्या मागील भिंतीला चिकटून प्लीहा स्थिर होते. हे चिकटणे अपुरे राहिले तर वरील घड्या तयारच होत नाहीत किंवा अतिशय लांब आणि सैल राहतात, आणि मग प्लीहा केवळ रक्तवाहिन्यांच्या लांबट देठावर लोंबकळत राहते.

जन्मजात दोष हे एक कारण झाले. बंध मुळात ठीक असूनही ते पुढे सैल पडू शकतात. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे शरीरातील बंध शिथिल होतात, वारंवारच्या बाळंतपणांनी पोटाची भिंत ढिली पडते, आणि हिवताप, सिकलसेल किंवा अन्य रक्तविकारांत वाढलेली जड प्लीहा स्वतःच्या वजनाने बंध ताणू शकते. प्रौढांमध्ये हा विकार वीस ते चाळीस या वयोगटातील स्त्रियांत अधिक दिसतो. एक वर्षाखालील बालकांत मात्र मुलग्यांचे प्रमाण जास्त आढळते.

प्लीहा नुसती खाली सरकली तर कित्येकदा काहीच त्रास होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती गाठीसारखी हाताला लागते. खरा धोका पीळ पडण्याचा असतो. लांब देठावरची प्लीहा स्वतःभोवती फिरली की देठातील रक्तवाहिन्या पिळल्या जातात, पण त्या सगळ्या एकाच वेळी बंद होत नाहीत. शिरेची भिंत पातळ आणि तिच्यातील दाब कमी असल्याने ती आधी दबते. रोहिणीतून मात्र रक्त येतच राहते. परत जाण्याचा मार्ग बंद आणि येण्याचा चालू, अशा स्थितीत प्लीहा रक्ताने तुंबून मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगते, तिचे आवरण ताणले जाते आणि तीव्र वेदना सुरू होतात. पीळ आणखी घट्ट झाला किंवा रोहिणीत रक्ताची गुठळी झाली की रक्तपुरवठा पूर्ण तुटतो आणि प्लीहेच्या ऊती मरू लागतात. मृत झालेल्या भागात जंतुसंसर्ग झाला तर पू साठतो, कोथ होतो, आणि हा संसर्ग पोटाच्या पोकळीत पसरला तर उदरावरणाचा प्राणघातक दाह होतो.

पीळ दरवेळी एवढ्या थराला जातोच असे नाही. अनेक रुग्णांत तो अर्धवट पडतो आणि आपोआप सुटतो. अशा रुग्णाला वर्षानुवर्षे अधूनमधून पोटात कळ येते, मळमळ होते, काही तासांत आराम पडतो, आणि दुखणे थांबल्यावर केलेल्या तपासणीत फारसे काही सापडत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईच्या बाबतीत हा काळ आणखी लांबतो, आणि तिच्या तक्रारीवर आम्लपित्त, कृमी किंवा पाळीचा त्रास असा शिक्का मारला जाणे सोपे असते. वैद्यकाने येथे थोडा संयम दाखवायला हवा. वारंवार येऊन जाणाऱ्या पोटदुखीला ‘काही नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी दुखणे चालू असतानाची एक सोनोग्राफी पदरी असणे योग्य.

दीर्घकाळ राहिलेल्या अर्धवट पिळाचे परिणाम अधिक फसवे असतात. प्लीहेच्या शिरेतील दाब वाढला की रक्त जठराच्या भिंतीतील लहान शिरांमधून वाट काढते, त्या शिरा फुगतात आणि फुटल्यास रक्ताची उलटी होते. रक्ताच्या उलटीचा पहिला संशय यकृतावर, आणि म्हणून दारूवर, जातो. या रुग्णांचे यकृत मात्र पूर्णपणे निरोगी असू शकते. तुंबलेली प्लीहा रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, अडवून धरते आणि रक्तातील त्यांची संख्या घटते. पावसाळ्यात असा अहवाल हाती आला की डेंग्यूचाच विचार आधी होतो. प्लीहेच्या देठात स्वादुपिंडाचे शेपूट गुंतलेले असल्याने पिळात तेही सापडून त्याचा दाह होऊ शकतो. जठराचे बंधही सैल असतील तर जठरालाच पीळ पडतो, विशेषतः बालकांत, आणि क्वचित आतडे दाबले जाऊन त्यात अडथळा निर्माण होतो.

निदानाची अडचण सवयीतून येते. डेम्पस्टर या लष्करी डॉक्टराने १८४० च्या दशकात उत्तर भारतातील कालव्यांच्या प्रदेशात, गावातील किती जणांची प्लीहा हाताला लागते यावरून हिवतापाचा प्रादुर्भाव मोजण्याची रीत पाडली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. हिवतापाच्या प्रदेशात काम करणाऱ्या डॉक्टरांचा हात त्यामुळे डाव्या बरगडीच्या कडेलाच प्लीहा शोधायला शिकला. भटक्या प्लीहेत त्या जागी काहीच लागत नाही. उलट तेथे आतडी शिरलेली असल्याने बोटांनी ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येतो. खाली ओटीपोटात लागणारी गाठ मग स्त्रियांमध्ये बीजांडकोशाची, गर्भाशयाची किंवा गर्भनलिकेतील गर्भाची मानली जाते, आणि ती उजवीकडे झुकलेली असली तर आंत्रपुच्छाच्या दाहाचा संशय येतो. तिची खरी ओळख पटवणाऱ्या दोन खुणा आहेत : तिच्या एका कडेला खाच लागते, आणि ती डाव्या बरगडीच्या दिशेने वेदनेशिवाय सरकवता येते, इतर दिशांना मात्र अडते. पीळ पडून प्लीहा सुजल्यावर या खुणाही पुसट होतात. गाठीत सुई घालून नमुना घेण्याचा मोह अशा वेळी टाळलाच पाहिजे, कारण प्लीहेतून होणारा रक्तस्राव आवरणे कठीण असते.

सिकलसेलच्या रुग्णाबाबत यवतमाळसारख्या जिल्ह्यात विशेष सावधगिरी लागते. या आजारात वेदनेचे झटके येतातच, त्यामुळे पोटदुखीही त्याच खात्यात टाकली जाते. शिवाय लहान मुलांत प्लीहेत अचानक रक्त साठून ती काही तासांत फुगते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. हे संकट रक्त देऊन सावरायचे असते. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात प्लीहा आफ्रिकेतील रुग्णांच्या तुलनेत अधिक वयापर्यंत वाढलेली राहते, म्हणजे पोटात जड प्लीहा असलेले मोठे रुग्णही येथे भेटतात. सुजलेली प्लीहा जागेवर आहे का, आणि तिच्यात रक्त वाहते आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘सिकलसेलचा झटका’ हे निदान पूर्ण होत नाही.

ही उत्तरे सोनोग्राफीतून मिळतात. डाव्या बरगडीखाली प्लीहा न दिसणे आणि तशाच पोताची गाठ पोटात दुसरीकडे दिसणे, एवढ्यावर निदान होते. रंगीत डॉपलर पद्धतीने रक्तप्रवाह तपासला की पिळाचीही कल्पना येते. सीटी स्कॅनमध्ये पिळलेला देठ भोवऱ्यासारखा गोल गोल दिसतो आणि निश्चिती होते. ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅन सहसा नसतो. वणीकडच्या किंवा उमरखेडकडच्या रुग्णाला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, आणि नागपूर यवतमाळपासून आणखी सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. पिळाच्या संशयात रुग्णाला एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्यात जाणारा वेळ थेट प्लीहेच्या आयुष्यातून वजा होतो, म्हणून पहिली सोनोग्राफी करणाऱ्याने ओटीपोटातील गाठीचे वर्णन लिहितानाच डाव्या बाजूला प्लीहा दिसली की नाही, हे नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

उपचार शस्त्रक्रियेचाच आहे. औषधे देऊन वाट पाहण्याचा मार्ग पूर्वी त्रास नसलेल्या रुग्णांत सुचवला जाई, परंतु अशा रुग्णांपैकी अनेकांना पुढे पिळासारखी गुंतागुंत होते असे दिसल्याने आज निदान झाल्यावर प्लीहा स्थिर करणेच इष्ट मानतात. १६६७ मध्ये व्हान होर्न यांनी शवविच्छेदनात भटक्या प्लीहेचे वर्णन केले, १८७७ मध्ये जर्मनीत मार्टिन यांनी ती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली, आणि १८९५ मध्ये पोलिश शल्यविशारद रिडिगिअर यांनी ती न काढता जागेवर बांधण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरही दीर्घकाळ प्लीहा काढण्याकडेच कल राहिला, कारण हा अवयव नसला तरी माणूस जगतो अशी समजूत होती. १९५२ मध्ये किंग आणि शूमॅकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना गंभीर जंतुसंसर्ग होत असल्याचे दाखवले आणि विचाराची दिशा बदलली.

प्लीहा बांधण्याच्या शस्त्रक्रियेला प्लीहा-स्थिरीकरण म्हणतात. प्लीहेची ऊती इतकी मऊ असते की तिच्यातून थेट टाके घातले तर ती फाटून रक्तस्राव होतो. म्हणून शरीरात विरघळणाऱ्या धाग्याच्या जाळीत प्लीहा शिंक्यात ठेवल्यासारखी ठेवून ती जाळी श्वासपटलाला आणि पोटाच्या भिंतीला टाचतात. जाळी काही आठवड्यांत विरघळते, पण तोवर प्लीहेभोवती तयार झालेली चिकट ऊती तिला धरून ठेवते. दुसऱ्या पद्धतीत पोटाच्या भिंतीवरील उदरावरणाला छेद देऊन मागे एक कप्पा करतात आणि प्लीहा त्यात सरकवतात. दोन्ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होऊ शकतात. जठरही सैल असेल तर त्याच वेळी तेही टाचतात.

पीळ पडलेल्या रुग्णात निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो. आधी पीळ सोडवून काही काळ थांबतात. काळसर निळी झालेली प्लीहा हळूहळू तांबूस होऊ लागली, तर तिच्यात रक्त परतले असे समजून ती वाचवतात. रंग परतला नाही, देठात गुठळी दिसली किंवा पू आढळला, तर ती काढणे हाच मार्ग उरतो. सिकलसेल किंवा जुन्या हिवतापाने प्लीहा अतिशय मोठी झालेली असेल तर जाळीत ती मावत नाही आणि तिचे कार्यही बरेचसे संपलेले असते, म्हणून तेथेही ती काढण्याकडेच निर्णय झुकतो. निरोगी आकाराची, जिवंत प्लीहा केवळ शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून काढणे मात्र आज समर्थनीय नाही.

प्लीहा रक्तातील जंतू, विशेषतः कवच असलेले न्यूमोकोकससारखे जंतू, आणि हिवतापाच्या परोपजीवींनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी गाळून काढते. ती गेल्यावर साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तदोषात, म्हणजे सर्व शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गात, बदलू शकतो आणि अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावू शकतात. हा धोका आयुष्यभर राहतो. हिवतापही अशा व्यक्तीत अधिक तीव्र होतो, आणि कुत्रा चावल्यास त्याच्या तोंडातील एक जंतू प्लीहा नसलेल्या माणसात घातक ठरतो; शेतशिवारात वावरणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी दूरच्या नाहीत. संरक्षणासाठी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा प्रकार बी यांच्या लशी, नियोजित शस्त्रक्रियेत दोन आठवडे आधी आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत सुमारे दोन आठवड्यांनी द्यायच्या असतात. बालकांच्या शासकीय लसीकरणात यांपैकी दोन लशी आता येतात, पण तीस वर्षांच्या स्त्रीला त्या मिळालेल्या नसतात आणि मेनिंगोकोकसची लस त्या कार्यक्रमात नाही, म्हणून सुटीच्या कागदावर लशींची नोंद आहे की नाही, हे रुग्णाने व नातेवाइकांनी स्वतः पाहावे. प्लीहा काढलेल्या व्यक्तीने तसे लिहिलेले कार्ड जवळ बाळगावे, आणि थंडी वाजून ताप आल्यास गावातील औषधावर एक रात्रही न काढता प्रतिजैविक सुरू करणाऱ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोचावे.