जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प बोलेनासा झाला तर…

रोलंड कंपनीचा 'जॅझ कोरस जेसी-१२०' हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प १९७५ मध्ये आला. त्या पिढीचे गिटार आणि बेस अ‍ॅम्प आजही दुरुस्त होऊ शकतात. तपासणी या क्रमाने करावी:

● सुरक्षा : प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ती रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरने खात्री करा.

● फ्यूज उडतो : नवा फ्यूज टाकण्याआधी अ‍ॅम्प सिरीज बोर्डावर (मालिकेत बल्ब जोडलेल्या बोर्डावर) लावा. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि रेक्टिफायर डायोड आधी मोजा.

● स्पीकर जोडण्याआधी : आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका, कॉइल जळेल.

● सतत गुणगुण : आवाजाचे बटण शून्यावर असतानाही १०० हर्ट्झची घुमी येत असेल, तर बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकले आहेत.

● खरखर, आवाज मध्येच जाणे : व्हॉल्यूम कंट्रोल आणि जॅकचे संपर्क काँटॅक्ट क्लीनरने साफ करा.

● अमेरिकी अ‍ॅम्प : १२० व्होल्टचा असेल तर आपल्याकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

मूळ सुटे भाग जपून ठेवा; असे अ‍ॅम्प भंगारात काढण्याची घाई करू नका.