जाड गादीने खोगीर नीट बसते का?

खोगीर घोड्याच्या पाठीवर नीट बसत नसेल, तर त्याखाली आणखी एक जाड गादी घालण्याची प्रथा सर्रास आढळते. मात्र खोगीर मुळातच अरुंद असेल, तर हा उपाय अपायकारक ठरतो. घट्ट जोड्यात जाड मोजे घातल्यास पाय अधिकच आवळतो, तसाच दाब घोड्याच्या खांद्यांलगत वाढतो. खोगीर किंचित रुंद असल्यास किंवा आजारपणात पाठीचे स्नायू उतरले असल्यास गादी उपयोगी पडते; तीही तात्पुरतीच.

लोकरीचा नमदा घाम शोषतो व दाब पसरवतो. इंग्रजीतील ‘नम्ना’ हा शब्द याच नमद्यावरून गेलेला आहे. खोगीर कसण्यापूर्वी गादीचा पुढील भाग खोगिराच्या पोकळीत वर ओढून घ्यावा. अन्यथा ती मानेमागील उंचवट्यावर ताणली जाऊन कातडी सोलवटते.

माथेरानमध्ये घोडे दिवसभरात निरनिराळ्या वजनाचे पर्यटक वाहून नेतात. अशा ठिकाणी खोगीर उतरवताच पाठ पाहणे इष्ट. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे बोटांनी हलके दाबावे. घोडा अंग चोरू लागला, तर दाब तेथेच पडत आहे असे समजावे. दुर्लक्ष झाल्यास त्या जागी जखम होते आणि पुढे पांढरे केस उगवतात.