मागे उघडी राहिलेली ॲप्स

काम झालं की फोन खिशात टाकायच्या आधी एक हालचाल आता अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. पडद्याच्या तळाशी बोट टेकवून वर सरकवायचं, दिवसभरात वापरलेल्या ॲप्सची कार्डं रांगेने दिसली की एकेक कार्ड वर सारून घालवायचं, नाहीतर सरळ 'सगळं क्लिअर'चं बटण दाबायचं. व्हॉट्सॲप गेलं, मॅप्स गेले, कॅमेरा गेला. पडदा मोकळा झाला की मनालाही बरं वाटतं. असं केल्याने बॅटरी जास्त टिकते, फोन हलका होतो, हँग होत नाही, असं दुकानदाराने सांगितलेलं असतं, शेजारच्यांनी सांगितलेलं असतं. घरातल्या जाणत्या भाच्याने आजीलाही तसंच शिकवून ठेवलेलं असतं.

याची गरज नाही. बॅटरीसाठी नाही आणि वेगासाठीही नाही. हे मत कोणा हौशी जाणकाराचं नाही. मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल पाठवून विचारलं होतं की तुम्ही स्वतः ॲप्स अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी ते आवश्यक आहे का. आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर दिलं. त्याच सुमाराला गूगलमध्ये अँड्रॉइडची जबाबदारी सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही दुजोरा दिला आणि अशाने स्थिती थोडी बिघडूही शकते, असं सांगितलं. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन कंपन्यांचे जबाबदार लोक एकच गोष्ट सांगत असतील, तर ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

मुळात त्या रांगेत दिसणारं कार्ड म्हणजे चालू ॲप नव्हे. ते बहुतेक वेळा ॲपचं शेवटचं छायाचित्र असतं. खात्री करायची तर फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच ती रांग उघडा. बहुतेक फोनांत जुनी कार्डं तशीच दिसतील. फोन आत्ताच चालू झालेला, म्हणजे त्यातलं एकही ॲप तुम्ही उघडलेलं नाही. ती रांग खरं तर तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात याची यादी आहे. आत्ता काय चाललं आहे ते तिच्यावरून कळत नाही.

तुम्ही एखाद्या ॲपमधून बाहेर पडता, तेव्हा आयफोनवर त्याला हातातलं काम आवरायला काही सेकंद मिळतात. मग ते गोठवलं जातं. त्याचा मजकूर मेमरीत, म्हणजे रॅममध्ये राहतो, पण प्रोसेसर त्याच्या वाट्याला येत नाही. गाणं वाजवणारं, रस्ता दाखवणारं, फोनवर बोलणं चालू असलेलं ॲप हे त्याला अपवाद. अँड्रॉइडमध्येही बाहेर पडलेलं ॲप पायरीपायरीने खाली उतरतं: आधी समोरचं, मग दिसत असलेलं, मग मागे काही सेवा पुरवणारं आणि शेवटी नुसतं साठवून ठेवलेलं. जागा कमी पडू लागली की फोन स्वतःच शेवटच्या पायरीपासून सुरुवात करून एकेकाला बाहेर काढतो. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये, विशेषतः 2023 च्या चौदाव्या आवृत्तीपासून, साठवलेली ॲप्स जवळजवळ पूर्ण गोठवली जातात. स्टँडवर इंजिन बंद करून उभी असलेली एसटी जागा अडवते, डिझेल जाळत नाही; मेमरीत पडून असलेलं ॲप तसंच आहे.

जागा तरी का अडवू द्यायची, असा पुढचा प्रश्न येतो. तो चुकीचा नाही. संगणकाच्या काळात आपण हेच शिकलो होतो की खिडक्या जास्त उघडल्या तर मशीन रखडतं. पण रॅमचा स्वभाव असा आहे की ती भरलेली असो वा रिकामी, तिला वीज तेवढीच लागते. तिच्यातले विजेचे इवले भार सतत गळत असतात आणि ते टिकावेत म्हणून दर सेकंदाला अनेक वेळा ताजे करावे लागतात. हे ताजं करणं सगळ्या रॅमचं होतं, तिथे कामाचं काही आहे की नाही याचा विचार न करता. आठ जीबीपैकी पाच जीबी रिकामी ठेवून तुम्ही काहीच वाचवलेलं नसतं. ती पाच जीबी तुम्ही पैसे मोजून घेतलेली असते आणि वापराविना पडून असते.

खर्च होतो तो पुन्हा उघडताना. समजा, तुम्ही व्हॉट्सॲप सारून टाकलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्याच्या चिन्हावर बोट ठेवलं. अँड्रॉइडमध्ये झायगोट नावाची एक मूळ प्रक्रिया कायम तयार असते. ती स्वतःची प्रत काढते आणि त्या प्रतीत नवं ॲप जन्माला येतं. मग साठवणीतून ॲपचा कोड रॅममध्ये आणायचा, चॅटचा डेटाबेस उघडायचा, यादीतली नावं आणि फोटो गोळा करायचे, पडदा रंगवायचा, सर्व्हरशी पुन्हा संधान बांधायचं. या सगळ्यात प्रोसेसर काही क्षण जोरात पळतो, आणि तेव्हाच बॅटरी जाते. सारलंच नसतं तर ॲप होतं तसं समोर आलं असतं. गूगलने ॲप बनवणाऱ्यांसाठी जी मोजमापं ठेवली आहेत, त्यांतही हा फरक दिसतो. शून्यातून उघडायला पाच सेकंद किंवा अधिक लागले तर ॲप मंद मानलं जातं, पण मेमरीत असलेलं ॲप पुढे यायला दीड सेकंद लागला तरी तो जास्त समजला जातो. व्हॉट्सॲपसारखं ॲप आपण दिवसातून कितीतरी वेळा उघडतो. तेवढ्या वेळा हा सगळा खटाटोप फोनकडून नव्याने करून घेण्यात हित नाही.

ही सवय आली कुठून, तर ती सुरुवातीच्या काळातल्या स्मार्टफोनांमधून आली, आणि त्या काळी तिला थोडा आधारही होता. 2008 साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, एचटीसीच्या जी-वनमध्ये, अवघी 192 एमबी रॅम होती. आयफोनवर तर 2010 पर्यंत बाहेरची ॲप्स मागे चालूच शकत नव्हती. त्या वर्षी 8 एप्रिलला स्टीव्ह जॉब्स यांनी नवी व्यवस्था जाहीर केली आणि त्या वेळी ठामपणे सांगितलं की ॲप्स मारण्यासाठी वापरणाऱ्याला वेगळी यादी उघडावी लागत असेल, तर फोन बनवणाऱ्याचं काहीतरी फसलं आहे. त्याच महिन्याच्या शेवटी अँड्रॉइडच्या अभियंत्या डायॅन हॅकबॉर्न यांनी आपल्या बाजूचं काम कसं चालतं, ते सविस्तर लिहिलं. ॲप बाहेर काढलं गेलं तरी तुम्ही कुठल्या पानावर होता, काय भरत होता, ते आठवणीत ठेवायची सोय आहे. म्हणून ॲप खरोखर चालू आहे की नाही याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

तरी 'टास्क किलर' नावाची ॲप्स धडाक्यात खपली. 2010 मध्येच अँड्रॉइड 2.2 आलं आणि गूगलने त्यांच्या अधिकारांना कात्री लावली, पण मागणी थांबली नाही. पुढे त्याच मागणीवर 'क्लीनर', 'बूस्टर', 'बॅटरी सेव्हर' यांची पलटण उभी राहिली. एका बटणावर रॅम मोकळी करून दाखवायची, आकडा वाढलेला दाखवायचा आणि मध्ये जाहिराती पेरायच्या, हा त्यांचा धंदा. बाहेर काढलेली ॲप्स थोड्या वेळात परत मेमरीत यायची, मग बटण पुन्हा दाबायचं. फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींच्या कारणावरून सुमारे सहाशे ॲप्स आपल्या दुकानातून काढली, त्यांत क्लीन मास्टर बनवणाऱ्या चीता मोबाइलची ॲप्सही होती. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा चर्चा टिकटॉकची झाली. पण त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू बॅटरी सेव्हर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर हीसुद्धा होती. बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती हे होतं, ॲप्सच्या उपयोगाशी त्याचा संबंध नव्हता. तरी फोनची साफसफाई म्हणून आपण आपल्या फोनची किती मोकळीक कुणाला देऊन बसलो होतो, हे त्यावरून लक्षात यावं. असलं एखादं ॲप आजही घरच्या कोणाच्या फोनमध्ये असेल, तर ते आजच काढून टाका.

आता मला सर्वांत जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. बॅटरीचे दोन-चार टक्के ही किरकोळ बाब आहे. पण ॲप मारण्याच्या सवयीत माणसाचं खरं नुकसान होतं ते न आलेल्या सूचनेमुळे. साध्या अँड्रॉइडमध्ये कार्ड सारलं तरी संदेश येत राहतात, कारण सगळ्या ॲप्ससाठी गूगलची एकच सामाईक जोडणी चालू असते आणि ती संदेश येताच ॲपला उठवते. परंतु आपल्याकडे खपणाऱ्या कित्येक फोनांत कंपनीने वरून स्वतःची व्यवस्था चढवलेली असते. तिच्यात कार्ड सारणं म्हणजे ॲप जबरदस्तीने थांबवणं ठरू शकतं. सेटिंग्जमधल्या 'फोर्स स्टॉप'ने ॲपने लावून ठेवलेले गजरही रद्द होतात आणि ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत गप्प राहतं. कंपन्यांच्या या अतिउत्साहाला कंटाळून 'स्लीप ॲज अँड्रॉइड' हे झोपेचं ॲप बनवणाऱ्यांनी 'डोन्ट किल माय ॲप' नावाची यादीच मांडली. तिच्यात शाओमी, सॅमसंग, वनप्लस, हुआवे अशी ओळखीची नावं आहेत. आयफोनवर ॲप वर सारलं की ते पुन्हा उघडेपर्यंत मागच्या मागे ताजं होत नाही. रात्री सगळं क्लिअर करून झोपणाऱ्या वडिलांचं औषधाच्या आठवणीचं ॲप सकाळी वाजत नाही, आणि दोष त्यांच्या विसरभोळेपणाला दिला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं.

मग बंद करायचंच नाही का? करायचं, कारण असेल तेव्हा. ॲप गोठलं, पडदा हलेना, व्हिडिओचा आवाज येतोय पण चित्र नाही, अशा वेळी ते सारणं हाच उपाय आहे, आणि ॲपलही त्यासाठीच तो सांगतं. क्वचित एखादं ॲप खरोखर बिघडतं. ऑक्टोबर 2015 मध्ये आयफोनवर फेसबुक बॅटरी खात असल्याच्या तक्रारी आल्या. फेसबुकने तपास केला तेव्हा दोन दोष सापडले. नेटवर्कच्या कोडमध्ये एक तुकडा प्रोसेसरला उगाच फिरवत होता, आणि व्हिडिओ बघून बाहेर पडल्यावरही ऑडिओची जोडणी सुटत नव्हती. त्यामुळे आवाज काहीच नसला तरी फोनच्या लेखी ते ॲप ऑडिओ वाजवतच राहिलं आणि गोठवलं गेलं नाही. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली. प्रवास संपल्यावरही चालू राहिलेलं नॅव्हिगेशन हाताने थांबवावं. अँड्रॉइड 13 पासून सूचनांचा पडदा खाली ओढल्यावर त्या क्षणी खरोखर चालू असलेल्या ॲप्सची छोटी यादी 'थांबवा' बटणासह मिळते. कार्डांच्या रांगेपेक्षा ती कितीतरी खरी माहिती देते. बँकेचं ॲप सुरक्षेसाठी बंद करणाऱ्यांनी सारण्याऐवजी आतून लॉगआउट करावं. काही वेळ हात लावला नाही तर ते आपणहूनही बाहेर पडतं.

बॅटरी खरोखर उतरते ती पडद्याच्या उजेडाने आणि कमजोर सिग्नलने. घाटात किंवा इमारतीच्या तळघरात रेंज नसली की फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो आणि तापतो. सतत लोकेशन विचारणारी ॲप्सही तिच्या मुळावर येतात. सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडलं की कोणत्या ॲपने किती खाल्ली, ते नावानिशी दिसतं. तिथे पुढे असलेल्या आणि तुम्ही फारशा न वापरलेल्या ॲपचं लोकेशन 'वापरताना फक्त' असं करावं, आयफोनवर 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' बंद करावं, अँड्रॉइडवर त्याचा बॅटरी वापर मर्यादित करावा. हे एकदा केलं की पुरतं, आणि कार्डं सारण्यापेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

दोन-तीन जीबी रॅमच्या फोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. असे फोन अजून पुष्कळ घरांत आहेत. 2021 च्या जिओफोन नेक्स्टमध्येही दोनच जीबी होती. तिथे यूपीआयने पैसे देऊन परत येईपर्यंत आधी उघडलेलं पान नव्याने लोड होतं आणि फोन अडखळतो. पण त्याचा अर्थ फोन आधीच ॲप्स बाहेर काढतो आहे असा होतो. हाताने तेच करून त्याला मदत होत नाही. अशा फोनवर न लागणारी ॲप्स काढून टाकावीत, त्या फोनांसाठीच केलेल्या हलक्या आवृत्त्या घ्याव्यात आणि 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी मोजक्याच ॲप्सना ठेवावी. त्या मोजक्यांत औषधाची आठवण करणारं ॲप, बँकेचं ॲप आणि व्हॉट्सॲप धरा, त्यांच्यावरची बॅटरीची बंधनं सेटिंग्जमध्ये जाऊन उठवा, आणि फोनमध्ये सोय असेल तर त्या कार्डांवर कुलूप लावा, म्हणजे कोणी चुकून सगळं क्लिअर केलं तरी ती तेवढी शाबूत राहतील. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे कोणीतरी शेजारी बसून करून द्यायला हवं. फारतर दहा मिनिटांचं काम आहे.