अपडेटनंतर अंगठ्याचं मशीन चालेना, तर काय करायचं?

आजचं बोलणं गावोगावच्या बीसी सखींसाठी आहे. पण सखीकडे जाऊन अंगठा लावून पैसे काढणाऱ्या बायकांनीही ते नीट ऐकावं. कारण मशीन सखीचं असलं तरी अंगठा आणि पैसे तुमचे आहेत.

तक्रार नेहमीची आहे. काल संध्याकाळपर्यंत मशीन छान चालत होतं. रात्री फोनने अपडेट घेतलं. सकाळी मशीन फोनला जोडलं, तर फोन त्याला ओळखच देत नाही. दारात श्रावणबाळचे पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या. कुणाला औषध आणायचंय, कुणाला दुकानाची उधारी भागवायची आहे. सखी घाबरते आणि म्हणते, "मशीन गेलं वाटतं." मग कुणी नवीन मशीन घ्यायला सांगतं, कुणी फोन रिसेट करायला सांगतं. म्हाताऱ्यांना मात्र भाडं खर्चून तालुक्याच्या बँकेत जावं लागतं.

आमचं सांगणं एवढंच आहे की अपडेटनंतर मशीन चालेनासं झालं, तर बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. फोन आणि मशीनमधली ओळख तुटलेली असते. ती ओळख पुन्हा जोडता येते, आणि ते काम सखीला स्वतःला जमतं.

घमेल्यांची रांग

रोजगार हमीच्या कामावर आपण घमेली हातोहात पुढे देतो. रांगेतल्या एका बाईने हात काढला, तर सगळं काम थांबतं. पण त्यासाठी आपण पूर्ण रांग घरी पाठवत नाही. कुणाचा हात सुटला ते बघतो.

अंगठ्याच्या मशीनचंही तसंच आहे. पहिला हात मशीनचा, ते बोटाचा ठसा घेतं. दुसरा वायरचा. तिसरा फोनचा. चौथा हात आरडी सर्व्हिस नावाच्या ॲपचा. हे ॲप मशीन बनवणाऱ्या कंपनीचं असतं. मशीन खरं आहे, नोंदलेलं आहे, याची ते खात्री देतं आणि ठसा कुलूपबंद करून पुढे पाठवतं. पाचवा हात बँकेच्या ॲपचा. त्यापुढे आधारचा सर्व्हर आणि शेवटी बँक.

अपडेट येतं ते यातल्या तीन ठिकाणी: फोनच्या सिस्टिमला, आरडी सर्व्हिसला किंवा बँकेच्या ॲपला. फोनची सिस्टिम बदलली की आधी दिलेल्या परवानग्या आणि सेटिंग कधी कधी पुसल्या जातात. एखादं ॲप नवं झालं आणि त्याचा जोडीदार जुनाच राहिला, तरी दोघांचं जमत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा, "काल रात्री नेमकं काय अपडेट झालं?" प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर अपडेटची तारीख दिसते. ती वहीत लिहा.

आधी स्वतःचं बोट

मशीन तपासायला गिऱ्हाइकाचा अंगठा कधीही वापरायचा नाही, हा आमचा पहिला नियम. सकाळी कामाला बसताना सखीला स्वतःचं बोट लावून ॲपमध्ये शिरावं लागतं. तीच मशीनची परीक्षा. तुमचं बोट घेतलं, तर पहिले चार-पाच हात ठीक आहेत. तुमचंच बोट घेत नसेल, तर समोरच्या आजींच्या बोटाला दोष देऊ नका.

आता एकेक हात तपासू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच बोट लावून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वायर आणि ओटीजी

मशीन काढा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा आणि मग मशीन जोडा. साधं वाटतं, पण अपडेटनंतर बरीच कामं एवढ्यावरच मार्गी लागतात. चार्जिंगच्या खाचेत धूळ, पीठ साचलं असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा. पिन किंवा टाचणी घालू नका.

नंतर ओटीजी बघा. एरवी फोन वायरमधून वीज घेतो. मशीन जोडलं की फोनलाच मशीनला वीज द्यावी लागते. ही सोय म्हणजे ओटीजी. काही फोनमध्ये तिचं बटण सेटिंगमध्ये वेगळं असतं आणि अपडेटनंतर ते बंद होऊन बसतं. काही फोनमध्ये तर थोडा वेळ काम थांबलं, की ते आपोआप बंद होतं. सेटिंगमध्ये वरच्या शोधायच्या जागी 'ओटीजी' लिहा आणि बटण चालू करा. फोनमध्ये असं बटणच नसेल, तर ते बहुधा कायम चालू असतं. बॅटरी अगदी तळाला गेली असेल, तर फोन आधी चार्ज करा.

वायर आणि ओटीजी ठीक आहेत का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मशीनच्या जागी कॉम्प्युटरचा माऊस जोडा. फोनच्या पडद्यावर बाण दिसला, तर फोनची खाच, ओटीजीची पिन आणि सेटिंग हे तिन्ही बरोबर आहेत. बाण नाही दिसला, तर आधी दुसरी पिन लावून बघा. काही रुपयांच्या पिनसाठी हजारोंचं मशीन बदलू नका.

परवानगी आणि आरडी सर्व्हिस

मशीन जोडल्यावर फोन विचारतो, "या ॲपला यूएसबी उपकरण वापरू द्यायचं का?" घाईत आपण 'नाही' दाबतो किंवा प्रश्न तसाच निघून जातो. मशीन काढून पुन्हा जोडा. प्रश्न आला की नीट वाचा. आरडी सर्व्हिसचं नाव असेल, तर 'नेहमी' या चौकटीवर खूण करा आणि 'ठीक आहे' म्हणा.

प्रश्न आलाच नाही, तर सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत आरडी सर्व्हिस शोधा. तिथे परवानग्या बघा आणि बॅटरीची सेटिंगही बघा. नवी सिस्टिम वीज वाचवायला मागे चालणारी ॲप झोपवते. आरडी सर्व्हिस झोपली, तर बँकेचं ॲप कितीही हाका मारो, उत्तर येत नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये तिच्यावरचं बंधन काढा.

यानंतर प्ले स्टोअरमधून आरडी सर्व्हिस अपडेट करा. मशीनच्या मागे कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेलं असतं. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं ॲप हवं. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल टाकू नका. इंटरनेट चालू ठेवून आरडी सर्व्हिस उघडा, म्हणजे मशीनची नोंद पुन्हा तपासली जाते. ही नोंद ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपली की पैसे भरून वाढवावी लागते. कधी मुदत संपणं आणि अपडेट एकाच आठवड्यात येतं आणि दोष विनाकारण अपडेटला लागतो. म्हणून मशीनचा सिरियल नंबर आणि मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जुन्या मशीनबद्दल एक गोष्ट. मशीन दोन प्रकारची आली, एल-झिरो आणि एल-वन. एल-झिरोमध्ये ठशाला कुलूप लावायचं काम फोनमधलं ॲप करतं. एल-वनमध्ये ते मशीनच्या आतच होतं, म्हणून ते जास्त सुरक्षित. आधार प्राधिकरण एल-झिरो मशीन वापरातून काढत आलं आहे. तुमचं मशीन एल-झिरो असेल, तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका. बँकेच्या समन्वयकाला विचारा आणि त्यांनी सांगितलेलं एल-वन मशीनच घ्या.

शेवटी फोनची तारीख आणि वेळ बघा. 'आपोआप वेळ' हे बटण चालू हवं. ठशासोबत वेळेचा शिक्का जातो. वेळ फार मागे-पुढे असेल, तर आधारचा सर्व्हर तो ठसा परत पाठवतो.

आकडा काय सांगतो

काम अडलं की पडद्यावर आकडा येतो. काही ॲप आकडा न दाखवता स्वतःच्या शब्दांत सांगतात. तो पुसू नका, वहीत लिहा. ७२० म्हणजे मशीन तयार नाही, तेव्हा वायर, ओटीजी आणि आरडी सर्व्हिस बघायची. ७०० म्हणजे ठरलेल्या वेळात बोट नीट मिळालं नाही. ३०० म्हणजे मशीन चाललं, ठसा पोचला, पण आधारमधल्या ठशाशी जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने आपले ठसे स्वतःच कुलूपबंद केले आहेत.

तेव्हा ७२० आला असताना आजींना पुन्हा पुन्हा हात धुवायला लावणं व्यर्थ आहे. आणि ३०० आला असताना मशीन बदलणंही व्यर्थ आहे. ३०० आला, तर बोटं धुवून कोरडी करा, मशीनची काच मऊ कापडाने पुसा, दुसरं बोट लावून बघा. शेतात, भांड्यात, शेणामातीत झिजलेल्या हातांचे ठसे पुसट होतात. तो त्या बाईचा दोष नाही. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवता येतात. काही बँकांच्या ॲपमध्ये चेहऱ्याने ओळख पटवण्याचीही सोय आहे.

"परत अंगठा लावा" म्हणण्याआधी

आता सगळ्याच बायकांनी कान द्यावा. "सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा" असं सांगून दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच हातात ठेवायचे, अशी फसवणूक होते. प्रामाणिक सखीच्या हातूनही गोंधळ होऊ शकतो. अंगठा लावला, चाक फिरत राहिलं, उत्तर आलंच नाही. पण खात्यातून रक्कम गेलेली असते.

म्हणून पैसे काढताना काम मध्येच अडलं, तर लगेच दुसरा अंगठा घ्यायचा नाही. आधी बँकेचा मेसेज बघायचा. मेसेज येत नसेल, तर शिल्लक तपासायची. त्यालाही अंगठा लागतो, म्हणून सखीने मोठ्याने सांगावं, "मावशी, हा अंगठा पैसे काढायला नाही, शिल्लक बघायला आहे," आणि पडदा दाखवावा. काम झालं किंवा फसलं, पावती दोन्ही वेळा द्यावी. बायकांनी ती मागून घ्यावी.

पैसे कापले गेले आणि हातात आले नाहीत, तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत खात्यात परत यायला हवी. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पावती घेऊन आपल्या बँकेत तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सखींनो, मशीन अडलं की नेटवर मदतीचा नंबर शोधू नका. तिथे भामटे टपून बसलेले असतात. कंपनीचा नंबर मशीनच्या बिलावरून किंवा खोक्यावरून घ्या. कुणी फोनचा पडदा दुरून दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

पुढच्या अपडेटआधी

अपडेट कायमचं टाळू नका. त्यातूनच फोनची सुरक्षितता वाढते. पण दिवस आपण निवडायचा. प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट बंद ठेवा. पेन्शन वाटपाचे दिवस उरकले, की एखाद्या मोकळ्या दुपारी फोन चार्ज करून अपडेट घ्या. मग स्वतःचं बोट लावून बघा. अडलंच, तर दुरुस्तीला वेळ असतो आणि दारात कुणी ताटकळत नसतं.

हा क्रम भिंतीवर लिहून लावा: फोन बंद-चालू, पिन, ओटीजी, परवानगी, आरडी सर्व्हिस, मुदत, वेळ. सगळं करूनही चाललं नाही, तर वही घेऊन समन्वयकाकडे जा. 'मशीन चालत नाही' एवढंच सांगितलं तर त्यांनाही अंधारात चाचपडावं लागतं. 'काल सिस्टिम अपडेट झाली, माऊस चालतो, आरडी सर्व्हिस नवी आहे, ७२० येतो' असं सांगितलं, तर अर्धं काम तिथेच झालं.

पुढच्या गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. सखीने मशीन आणि माऊस घेऊन यावं आणि हा क्रम सगळ्यांसमोर एकदा करून दाखवावा. गावात एकीला नव्हे, चौघींना हे यायला हवं.